‘हात’ नावाचा रकाना

सुधाकर जन्मला त्या आठवड्यात बाबांनी दुकानाची पाटी रंगवून घेतली. पाटीवर त्याचं नाव, नावापुढं ‘ऑटो रेडिओ’, आणि कोपऱ्यात पेंटरनं स्वतःच्या हौसेनं काढलेली एक मोटार. मी त्याच्यानंतर दोन वर्षांनी आले. माझ्यासाठी काही रंगवायची गरज कोणाला वाटली नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, क्रम म्हणून लिहिते आहे. पुढं जे झालं ते याच क्रमानं झालं. तक्रार पुढं आहे, आणि ती भरपूर आहे.

नागपूरच्या लकडगंजात आमचं घर म्हणजे पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि मध्ये एक पडदा. चारही बाजूंना आरा मशीन. सकाळी आठला पहिलं मशीन सुरू व्हायचं आणि मग संध्याकाळपर्यंत ओंडके चिरले जात राहायचे. पातं लाकडात शिरताना बारीक किंचाळायचं, मध्यावर आलं की भरड्या आवाजात घोगरायचं, बाहेर पडताना पुन्हा किंचाळायचं. भुसा सगळीकडे असायचा. आई कणीक मळून लगेच ओलं फडकं टाकायची, पाण्याच्या माठावर झाकण आणि झाकणावर पुन्हा ताट ठेवायची, तरी वरणाच्या पहिल्या घासात सागवानाची चव यायचीच. त्या आवाजामुळं आमच्या घरात कोणी हळू बोलत नसे. पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललं आहे. मला माहेरचं भांडण आणि माहेरचं बोलणं यातला फरक कळायला बरीच वर्षं लागली, कारण आवाज सारखाच होता.

दुकानात निळ्या कापडाच्या बांधणीचं एक लांब रजिस्टर होतं. प्रत्येक कामाला एक ओळ आणि प्रत्येक ओळीला पाच रकाने: गाडी, बिघाड, उपाय, हात, सही. हात म्हणजे काम कोणाच्या हातून झालं ते, सही गिऱ्हाइकाची. बाबांचं अक्षर कोणाला लागत नसे म्हणून मी आठवीत असल्यापासून रजिस्टर माझ्याकडे आलं, आणि रजिस्टर लिहिता लिहिता काम माझ्या हाती आलं. बाबांना बारीक तारा दिसेनाशा झाल्या होत्या. सुधाकरला दिसत, पण त्याला बसवत नसे. तो गिऱ्हाइकाशी बोलायचा फार छान. ट्रकवाल्याशी ट्रकवाल्यासारखा, वकिलाशी वकिलासारखा. बारावीनंतर मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हापासून दुकानातलं निम्मं जोडकाम मीच करत होते. सकाळी सात ते दहा, आणि कॉलेजातून आल्यावर दिवेलागणीपर्यंत.

अकरावीत असताना पहिलं पूर्ण काम केलं, ती एका बिडी कारखानदाराची अँबॅसडर होती. मी ओळ लिहिली आणि हाताच्या रकान्यात ‘मंदा’ असं लिहिलं. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं.

“तुझं नाव काहून लिवलं वं?”

“काम मी केलं ना.”

“गिऱ्हाईक सही करते तिथीच. त्यानं पाह्यलं का पोरीनं जोडलं, तं पुढच्या खेपेले गाडी दुसरीकडं लावते.”

“मंग कोणाचं लिहू?”

“सुधाकरचं लिही. पाटीवर तेच हाय.”

मी खोडलं आणि लिहिलं. आणि त्यानंतर तीन वर्षं लिहीत राहिले. आज माझ्या घरात फ्रिजवर एक यादी असते, कपाटाच्या दाराआत एक, औषधांच्या डब्यात एक. सून हसते. ती म्हणते, आई, तुम्ही श्वास घेतल्याची पण नोंद ठेवाल. ठेवीनही. ज्या माणसानं तीन वर्षं स्वतःच्या हातानं खोट्या नोंदी केल्या असतील, त्याला खऱ्या नोंदीचा सोस असणारच.

आता आमच्या दुकानाची पद्धत सांगते, कारण सगळं तिथं अडलं. स्पीकरला दोन टोकं असतात, म्हणजे खरं तर रेडिओपासून स्पीकरपर्यंत दोन तारा न्यायला हव्यात. बाबा एकच न्यायचे. दुसरं टोक ते स्पीकरशेजारी पत्र्याला स्क्रूनं आवळून टाकायचे. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या एका टोकाला जोडलेलाच असतो, त्यामुळं पत्राच दुसऱ्या तारेचं काम करायचा. याला ते ‘बॉडी देणं’ म्हणायचे. “एवढं लोखंड हाय ना गाडीत, मंग वायर कायले लावतं?” हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. रेडिओ घरघरला तरी औषध तेच: आणखी एक तार बॉडीला. अँबॅसडर, फियाट, जीप, ट्रक, सगळ्यांना ते लागू पडायचं. वीस वर्षं लागू पडलेली गोष्ट बाबांच्या लेखी निसर्गनियम होती. आणि सुधाकरला तर ही एकच गोष्ट येत होती.

त्या उन्हाळ्यात डॉक्टरबाई गाडी घेऊन आल्या. बाई आखातातल्या एका इस्पितळात आठ वर्षं होत्या आणि परत येताना त्यांनी तिथली जपानी गाडी सोबत आणली होती. तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. बाई स्वतः चालवत यायच्या तेव्हा इतवारीतले हातगाडीवाले थांबून बघायचे, कारण लांबून उजवी सीट रिकामी दिसायची आणि गाडी आपोआप चालल्यासारखी वाटायची. शुक्रवारी सकाळी गाडी आमच्या दारासमोरच्या कडुनिंबाखाली लागली. त्यांचा प्रश्न सोपा होता. गाडीसोबत आलेला सेट कॅसेट खात होता आणि त्याचे सुटे भाग भारतात मिळत नव्हते. त्यांच्या भावानं तिकडून नवा, दुसऱ्या कंपनीचा कॅसेट प्लेअर पाठवला होता. तो बसवायचा.

“रविवारी आईला घेऊन रामटेकला जायचंय,” बाई म्हणाल्या. “तिची भजनांची कॅसेट आहे. रस्ताभर तिला तेवढंच हवं असतं. आज चारपर्यंत होईल ना?”

“चार काहून, दोनले घ्या,” सुधाकर म्हणाला.

बाई गेल्यावर मी जुना सेट लावून पाहिला. कॅसेट चालत नसली तरी रेडिओ चालत होता. बातम्या लागल्या होत्या. मी दार लावून आत बसले आणि बातम्या देणाऱ्या बाईनं दोन वाक्यांच्या मध्ये घेतलेला श्वास मला ऐकू आला. बाहेर तीन आरा मशीन चालू होती. मी आवाज फारसा वाढवलाही नव्हता. आमच्या दुकानात तोवर आवाज म्हणजे जोर होता, गिऱ्हाईक विचारायचं, बस, एवढाच वाजते काय? हा आवाज जोराचा नव्हता, तो भरलेला होता. बातम्या संपल्या, कोणीतरी सतार लावली, आणि मी इग्निशन बंद केलं, कारण मला काम करायचं होतं. एकूण चार-पाच मिनिटं असतील. तेवढीच. त्या गाडीचा खरा आवाज नागपुरात माझ्याइतका लक्ष देऊन कोणी ऐकला असेल असं मला वाटत नाही, आणि पुढं कोणाला ऐकता येणारही नव्हता.

जुना सेट काढला. मागं तारांचा जुडगा होता. मी टॉर्चमधला सेल काढला आणि आमच्या नेहमीच्या पद्धतीनं तपासायला लागले: सेलची दोन टोकं स्पीकरच्या दोन तारांना क्षणभर टेकवायची, तार बरोबर असेल तर स्पीकर ‘टक्’ करतो. एकाही तारेनं टक् केलं नाही. चारही स्पीकर चार मिनिटांपूर्वी वाजत होते. म्हणजे तारा तुटलेल्या नव्हत्या, तर तारांच्या आणि स्पीकरच्या मध्ये काहीतरी होतं. मी तारांचा माग काढत गालिच्याखालून मागं गेले आणि मागच्या सीटखाली तो डबा सापडला. ॲल्युमिनियमचा, पन्हाळी पाठीचा, वीतभर लांब. आवाज मोठा करायचं काम पुढच्या सेटमध्ये नव्हतंच, ते या डब्यात होतं. सेट त्याला फक्त बारीक इशारा द्यायचा. आणि डब्यातून प्रत्येक स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही तारा जिवंत होत्या. त्यातली एकही पत्र्याला टेकलेली नव्हती, आणि टेकवायची नव्हती. मीटर लावून मी ते तीनदा पाहिलं आणि वहीत लिहून काढलं.

बाबा ट्रकच्या कामाला निघाले होते. मी त्यांना थांबवलं.

“बाबा, याच्यात एक डबा हाय. नवा प्लेअर स्वतःच जोरात वाजते, त्याचा आवाज थेट डब्यात सोडला तं सहन होणार नाई. मधात रेझिस्टर लावून कमी करा लागते. मी बर्डीवरून आणतो. आणि डब्याच्या पुढच्या तारेले बॉडी देऊ नका.”

“बॉडी नाई देऊ तं आवाज येईन कुठून?”

“येते. दोन्ही तारा चालू हायत. बॉडी दिली का जळते.”

बाबांनी सुधाकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “जा, घेऊन ये. लवकर ये.” त्यांना पटलं होतं असं मी म्हणणार नाही. पण ते ‘जा’ म्हणाले होते, आणि हे मी अजून विसरले नाही. ऐकलं नव्हतं असं त्यांना पुढं कधी म्हणता येणार नव्हतं.

जाण्याआधी मी एक चिठ्ठी लिहून स्टिअरिंगला बांधली. मोठ्या अक्षरात: डब्याच्या तारा बॉडीला लावू नयेत. मी येईपर्यंत जोडू नये. मग सायकल काढली. मे महिन्याच्या उन्हात लकडगंज ते सीताबर्डी आणि परत, डोक्याला ओढणी गुंडाळून. दुकानदाराकडे हवे ते रेझिस्टर नव्हते, त्यानं शेजारून मागवले. एकूण दीड तास गेला.

परत येताना कोपऱ्यावरच वास आला. आमच्या गल्लीला सागवानाचा वास असायचा, ओल्या भुशाचा, कधी डिझेलचा. हा वास वेगळा होता, करपलेल्या लाखेसारखा. मी सायकल स्टँडला न लावता भिंतीला टाकली. गाडीची चारही दारं उघडी होती. सुधाकर आणि त्याचे दोन दोस्त बाजूला उभे होते आणि एक जण वहीनं सीटला वारा घालत होता. माझ्या वहीनं.

“काय केलं तू?”

“काही नाई केलं. पोरं आले होते, म्हटलं वाजवून दाखवू. वाजलं, पण घरघर करून राह्यलं होतं. तं बॉडी देऊन टाकली. बाबा तसंच करते ना.”

“चिठ्ठी लावली होती मी. स्टिअरिंगले.”

“तू तं साखरेच्या डब्यालेबी चिठ्ठी लावते.”

दोस्त हसले. मी सीट उचलली. डब्याच्या एका कडेनं तपकिरी ओघळ आला होता. सेल लावून पाहिला, मागचे दोन्ही स्पीकरही गेले होते. चिठ्ठी खाली पायपुसण्यावर पडली होती, तिच्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता. चाळीस वर्षं झाली. तो गोल मी आजही काढून दाखवू शकते.

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. आरा मशीनच्या वरताण बोलले एवढं खरं, कारण शेजारचा मिस्त्री मशीन बंद करून बाहेर आला. बाबा परतले, त्यांनी डबा पाहिला, वास घेतला आणि सुधाकरला एक शब्दही न बोलता मला म्हणाले, “आत ये.”

आत आई पाटोडीचा रस्सा करत होती. बेसनाच्या वड्या कापून ताटात मांडल्या होत्या. कूलरचं पाणी संपलं होतं आणि तो नुसता गरम वारा फेकत होता. बाबा पाटावर बसले.

“पोरी, ऐक. बाई चारले येईन. कोणी केलं इचारन. तं तुझं नाव सांगू.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. “माझं काहून?”

“पाटीवर सुधाकरचं नाव हाय. त्यानं जाळलं म्हणलं तं उद्या या दारात कोणी गाडी उभी नाई करन. तू शिकून राहिली म्हणू. शिकणाऱ्याले माणूस माफ करते.”

“मी सांगतलं होतं तुमाले. तुमी ऐकलं होतं.”

“ऐकलं होतं.”

“मंग?”

“मंग काय. तुझं काय हाय इथी? दोन वर्षांनं तू जाशील आपल्या घरी. त्याले इथंच बसा लागते.”

मी आईकडे पाहिलं. ती वड्या रश्श्यात सोडत होती, एकेक, अगदी सावकाश. तिनं पाठ न वळवता म्हटलं, “देऊन दे वं नाव. घरातलं घरात राह्यते.” आईला माहीत होतं की अर्धं दुकान कोणाच्या हातावर चालतं. सकाळी सातला माझ्या हातात चहा तीच आणून द्यायची. म्हणून तिच्यावरचा माझा राग बाबांवरच्या रागापेक्षा थोडा जास्त आहे, आणि तो कमी करायला कोणी सांगू नये.

मी नाही म्हणायला हवं होतं. एकोणीस वर्षांची होते, वहीत सगळं लिहिलेलं होतं, चिठ्ठी होती, बर्डीच्या दुकानाची पुडी हातात होती. एवढा पुरावा असून मी ‘बरं’ म्हटलं. का, याचं उत्तर मी अनेक वर्षं शोधलं आणि मला एकच मिळालं: त्या घरात ‘बरं’ म्हणायची मला सवय होती. बाकी उत्तरं मी स्वतःला सांगून पाहिली, ती टिकली नाहीत.

बाई चारला आल्या. बाबांनी डबा दाखवला. त्या रागानं बोलल्या नाहीत, आधी त्यांनी वाकून करपलेल्या कडेला बोट लावून पाहिलं. मग म्हणाल्या, “हे इथं मिळणार नाही. कुठंच मिळणार नाही. कोणी केलं?”

बाबा मला म्हणाले, “मंदा, रजिस्टर लिही.”

मी लिहिलं. गाडी. बिघाड. उपाय: झाला नाही. आणि हाताच्या रकान्यात, ज्या रकान्यात तीन वर्षं माझं नाव चालत नव्हतं, तिथं बाबांनी बोट ठेवलं आणि मी ‘मंदा’ असं लिहिलं. शेकडो ओळींचं काम केलं होतं मी. माझं नाव त्या रजिस्टरात खोडल्याशिवाय पहिल्यांदा राहिलं ते या ओळीत.

बाईंनी वाचलं. “मंदा म्हणजे ही? पोरीच्या हाती दिलीत तुम्ही गाडी?”

“शिकून राहिली बाई,” सुधाकर म्हणाला. “येईन हळूहळू तिलेबी.”

बाई माझ्याकडे वळल्या. “मला इथं रोज लोक विचारतात, बाई, मोठे डॉक्टर कधी येतील? आठ वर्षं मी ऑपरेशनं केलीत तरी विचारतात. ते तुझ्यासारख्या मुलींमुळं विचारतात. जमत नसेल तर हात घालू नये.” मग बाबांना म्हणाल्या, “रविवारपर्यंत काहीतरी करून द्या, साधं का असेना, आईला कॅसेट ऐकू आली पाहिजे. पण हिनं माझ्या गाडीला हात लावायचा नाही.”

ज्या गोष्टीनं त्या जन्मभर चिडल्या होत्या तीच त्यांनी उचलून माझ्यावर फेकली. त्यांना खरं माहीत नव्हतं हे मला मान्य आहे. राग मात्र मान्य-अमान्य पाहून येत नाही.

शनिवारी सकाळी सुधाकर गाडीत बसला आणि जुडग्याकडे पाहत राहिला. दहा मिनिटं पाहिलं. मग बाबा स्टूल घेऊन आले, ते दुकानाच्या पायरीवर ठेवलं आणि मला म्हणाले, “तू हात नको लावू. इथून सांग.” म्हणून मी त्या पायरीवर बसून, वही मांडीवर घेऊन, सतरा कलमं वाचली. डबा पूर्ण वेगळा करणं. कारखान्याचे चारही स्पीकर काढून, कारण वाचलेले दोनही डब्याशिवाय नीट चालणारे नव्हते, आमच्याकडचे साधे लावणं. प्रत्येकाला प्लेअरपासून दोन नव्या तारा, एकही बॉडीला नाही. मी वाचायची, सुधाकर करायचा.

“आता काळी कुठं?”

“प्लेअरच्या काळ्या-पांढऱ्याले. पत्र्याले नाई.”

“झालं. मंग?”

“टेप गुंडाळ. मंग दहावं.”

“एवढी वायर?” बाबा मागून म्हणाले.

“एवढीच,” मी म्हटलं. बाबांनी बंडल काढून दिलं.

अकराव्या कलमाला मला एक चुकीचं वाक्य सुचलं होतं. तयार होतं, जिभेवर होतं. ते वाचलं असतं तर नवा प्लेअरही गेला असता, आणि तो सुधाकरच्याच हातात, सगळ्या गल्लीसमोर. मी ते वाचलं नाही. चांगुलपणा नव्हता तो. यादी माझी होती, आणि माझ्या यादीत चूक असलेली मला सहन झाली नसती, इतकंच.

दुपारी बाई आल्या. भजनं लागली. आवाज मोठा आला, जरा पत्र्यासारखा, पण स्पष्ट होता. बातम्यांतला तो श्वास आता त्या गाडीत कोणालाही ऐकू येणार नव्हता. बाईंनी डोळे मिटून एक कडवं ऐकलं आणि सुधाकरच्या पाठीवर थाप मारली. मग पायरीकडे पाहून मला म्हणाल्या, “बघितलंस, भाऊ कसा काम करतो? शिक त्याच्याकडून.” सुधाकरनं कॉलर नीट केली.

“रजिस्टर लिही,” बाबा म्हणाले.

मी गाडी लिहिली, बिघाड लिहिला, उपाय सविस्तर लिहिला. मग पेनाला टोपण लावलं.

“हात राह्यला ना वं.”

“पाटीवर ज्याचं नाव हाय त्याले लिवू द्या.”

सुधाकरनं पेन घेतलं नाही. तो गाडीच्या काचा पुसत होता. बाईंनी घाईत पुढच्या रकान्यात सही केली आणि त्या गेल्या. रकाना रिकामाच राहिला. त्या दिवशी आईनं पुन्हा पाटोडी केली, सुधाकरला आवडते म्हणून, आणि पहिलं ताट त्याला वाढलं. मी चार भाकरी खाल्ल्या. रागात मला भूक लागते, अजूनही.

त्यानंतर मी दुकानात पाऊल टाकलं नाही. मागच्या दारानं कॉलेजला जायची, मागच्या दारानं यायची. बाबा एकदा पडद्याशी येऊन म्हणाले, “जीपचं अडलं हाय.” मी म्हटलं, “मी तं शिकून राहिली.” पुन्हा आले नाहीत. काही वर्षं दुकान अँबॅसडरांवर चाललं. मग नव्या गाड्या आल्या, त्यांना बॉडी दिलेली चालेना, आणि सुधाकर सीट कव्हरं विकू लागला. मला वाईट वाटायला हवं होतं असं आई म्हणायची. तिला वाटत असेल. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात पॅनेलच्या वायरिंगला लागले आणि एकतीस वर्षांनी त्याच विभागाची प्रमुख म्हणून बाहेर पडले. आमच्याकडे प्रत्येक पॅनेलच्या दाराआत एक कागद चिकटवलेला असायचा, जोडणी कोणी केली त्याचा. पोरींची नावं मी पूर्ण लिहायला लावायची. आद्याक्षरं चालणार नाहीत हा माझा नियम होता, आणि त्यावरून दोन साहेबांशी माझी भांडणं झाली. दोन्ही मी जिंकले.

बाबा गेले, आई गेली. त्या शुक्रवारबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत. बाबा शेवटच्या आजारात माझ्याकडे पाणी मागायचे, पंखा लावायला सांगायचे, हे सांगायचं मात्र राहून गेलं. डॉक्टरबाई मुंबईला मुलाकडे गेल्या असं ऐकलं. त्यांच्या हिशेबी मी आजही तीच पोरगी आहे.

गेल्या महिन्यात मी सुधाकरकडे गेले. दुकान आता मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला भाड्यानं दिलं आहे, पाटी माळ्यावर आहे. मी त्याला म्हटलं, रजिस्टर दे. त्याला ते शोधायला तासभर लागला. निळं कापड उंदरांनी कोपऱ्यात खाल्लं होतं, आतली पानं धड होती. मला हवं ते पान मी न चाळता उघडलं.

“हे काय करून राहिली?” तो म्हणाला. त्याच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, तो वाकून पाहत होता.

मी ‘मंदा’वर एक सरळ रेघ मारली आणि पुढं ‘सुधाकर’ लिहिलं. खालच्या ओळीत, रिकाम्या रकान्यात, ‘मंदा’ लिहिलं. मग पेन त्याच्यासमोर धरलं.

“दुरुस्ती केली का बाजूला सही लागते. कर.”

“आता याच्यानं काय होते वं बाई?”

“काही नाई होत. सही कर.”

त्यानं रजिस्टर डोळ्यांजवळ ओढलं. मला वाटलं तो हसण्यावारी नेईल, गिऱ्हाइकांना न्यायचा तसं. त्यानं सही केली. दोन्ही ओळींना केली. मग पेन ठेवून मान वर केली.

मी पानं मागं उलटत पहिल्या कामापर्यंत गेले. बिडी कारखानदाराची अँबॅसडर. तिथं माझ्या नावावर माझ्याच हातची रेघ होती.

“अजून?” तो म्हणाला.

“तीन वर्षं हायत,” मी म्हटलं. “वहिनीले चहा ठेवाले सांग.”